फौजी काका, बरोबर बंदूक घरात आली ती तुमच्यामुळं

आदरणीय फौजी काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही मला माहितीय, मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला लागत नाहीत, नातूच वाचून दाखवणार, तर त्याला सांगा सावकाश वाच म्हणून. समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा पी आधी" म्हणून विषय बदलता, दोनदा झालंय असं. म्हणून आता चारचौघात लिहितोय. आणि अजून एक कारण हाय, वर्षभरात आमच्या मोहोळ भागातल्या तीन-चार जणांनी मला विचारलं की बंदुकीचं लायसन आलंय, बजेट कमी हाय, कुठली बारा बोअर (छर्ऱ्याची बंदूक) घेऊ. मी जे सांगतो ते सगळं तुमचंच, तर ते तुमच्या नावावर जमा व्हायला पाहिजे.

आपली ओळख कशी झाली आठवतंय का? सोलापूरला कलेक्टर ऑफिसच्या बाकड्यावर. तुम्ही तुमच्या लायसनच्या रिन्यूअलला आलेले आणि मी नवीन अर्जाची फाईल घेऊन बसलेलो. आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत, शेजारच्या वस्तीवर रात्री दरोडा पडला होता, म्हाताऱ्या माणसाला मारहाण झाली, तेव्हापासून आईला झोप नव्हती आणि मलापण नव्हती. तुम्ही न विचारता फाईल हातात घेतली, ए-1 फॉर्म बघितला, म्हणाला "डॉक्टरचा दाखला कुठाय? शस्त्र सुरक्षित ठेवायचं हमीपत्र कुठाय?" दोन्ही नव्हते. त्या दिवशी तसाच अर्ज दिला असता तर नक्की परत आला असता. पोलीस चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, हे सगळं कशासाठी असतं तेपण तुम्हीच समजावलं, नायतर मला वाटत होतं नुसते कागद गोळा करायचेत.

मग लायसन आलं, युआयएन म्हणजे लायसनवाल्याचा ओळख नंबर पडला, आणि माझ्या डोक्यात पंप ॲक्शन, पुढचा दांडा मागं-पुढं ओढून काडतूस भरायची ती. त्रिचीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची, फोटो बघून बघून वेडा झालेलो. तुम्ही म्हणाला, "रात्री दोन वाजता झोपेतून उठून हात थरथरायलेत, तेव्हा तुला आत काडतूस हाय का नाय हे अंधारात कळलं पाहिजे. दोननळी उघडली की दिसतं, बोटानं लागतं. आणि दोन नळ्या म्हणजे दोन लॉक, बार उडवायची यंत्रणा दोनदा, एक दगा दिलं तर दुसरं हाय." पंप वाईट नाही, तुम्ही कधी तसं म्हणाला नाहीत, पण माझ्यासारख्या वर्षातून मोजक्या वेळा बार काढणाऱ्याला साधी वस्तू बरी हे पटलं. पैसेपण वाचले.

आता तो मे महिन्याचा दिवस. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन, आणि तुम्ही एसटीनं आला, मी गाडी पाठवतो म्हणलं तरी नाही ऐकलं. गन हाऊसमध्ये (नाव लिहीत नाही) जुन्या बंदुकांमध्ये एक विलायती दोननळी होती, नुकतं ब्लूइंग केलेलं म्हणजे लोखंडाला काळा रंग चढवलेला, काळीभोर चमकत होती, बटवर (खांद्याला टेकवायच्या लाकडावर) नक्षी, 38 हजार सांगितले. मी तर खिशात हात घातलेला. विलायती म्हणलं की आपल्याकडं माणूस तसाच भुलतो, ऐंशीच्या दशकात बाहेरून मागवायचं बंद झाल्यापासून जुन्या मालाला सोन्याचा भाव आलाय. तुम्ही चष्मा पुसला आणि नळीवरच्या कोरलेल्या अक्षरांवर नख फिरवलं. अक्षरं अर्धी पुसलेली. म्हणाला, "गंज खोल होता, घासून काढलाय, म्हणजे नळीची जाडी गेली." मग पुढचं लाकूड काढलं, बंदूक बंद केली आणि हलवली, किंचित खडखड झाली, ट्यूबलाईटसमोर धरली तर नळीच्या बुडाशी उजेडाची रेघ दिसली. पुढचं लाकूड लावलेलं असलं की ढिलेपणा दबून जातो, म्हणून ते काढूनच बघायचं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट नंतर निघाली, चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं तो भाग, 65 मिलिमीटरचं. हे मी इथं सविस्तर लिहितोय कारण यात माणूस जीवानिशी जाऊ शकतो. काडतुसावर 70 मिलिमीटर लिहिलेलं असतं ती उडाल्यानंतर तोंड उघडल्यावरची लांबी, न उडालेलं काडतूस त्यापेक्षा आखूड असतं, त्यामुळं 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि माणसाला वाटतं जमलं. उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं, वाट आवळते आणि आतला दाब वाढतो. घासून पातळ केलेली नळी, वर ढिला जोड, वर जास्त दाब. तुम्ही हे सगळं दुकानदाराशी एक शब्द वाकडा न बोलता सांगितलं आणि बंदूक खाली ठेवली. माझ्याकडं बघून एवढंच बोलला, "तुला तोंडासमोर धरायचीय बे ही."

मग कोपऱ्यातली ती. आपली ऑर्डनन्स फॅक्टरीची दोननळी, बटवर ओरखडे, कुणीतरी पट्ट्याचं भोक वेडंवाकडं पाडलेलं, बघायला अजिबात देखणी नाही. 24 हजार. तुम्ही नळ्या काढून त्यांच्या बुडाच्या हुकात बोट घालून टांगल्या आणि लाकडी हँडलनं टिचकी मारली, देवळातल्या बारक्या घंटेसारखा आवाज लांबपर्यंत गेला. म्हणजे दोन नळ्या जोडणारी झाळ पक्की, सुटलेली असती तर बद्द वाजलं असतं. खिडकीकडं धरून आतून बघायला लावलं, उजेडाची गोल गोल कडी एकात एक सरळ, कुठं सावली वाकडी नाही म्हणजे पोचा नाही, फुगवटा नाही. चेंबर 70. काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या पिना सरळ, पिनांच्या भोकाभोवती खड्डे नाहीत. तुम्ही मान हलवली आणि मला जे समाधान तुमच्या तोंडावर दिसलं ते मी विसरणार नाही. लाकडाचे ओरखडे घरी दुरुस्त होतात, नळी होत नाही, हे वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवतो.

वाचलेले 14 हजार मी पुढच्या बाजाराला म्हणजे "अपग्रेड"ला लावणार होतो. सिनेमातल्यासारखी नळी आखूड करायची असं एकानं डोक्यात भरवलेलं. तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा चिडला. आर्म्स ॲक्टच्या कलम 6 मध्ये लायसनशिवाय नळी कापणं सरळ गुन्हा हाय हे सांगितलं, आणि नळीच्या टोकाला जो चोक म्हणजे जरा आवळलेला भाग असतो तोच कापला की छर्रे कसे पांगतात ते जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. मग त्या पैशातलं पहिलं काय घेतलं तर भिंतीत बोल्ट करायचं लोखंडी कपाट. बंदूक त्यात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, चाव्या वेगळ्या. माझी बायको बंदुकीच्या विरोधात होती, घरात दोन लेकरं, तिचं चुकत नव्हतं. तुम्ही घरी आला, तिला समोर बसवलं, बंदूक उघडून रिकामी हाय हे कसं बघायचं ते तिला शिकवलं, आणि सेफ्टीवर कधी विसंबू नको कारण ती नुसता चाप अडवते, आतले घोडे ताणलेलेच राहतात, हे तिला सांगितलं. मला नाही, आधी तिला. त्या दिवसानंतर ती शांत झाली. यासाठीचे आभार वेगळे, ते तिनं लिहायला सांगितलेत.

दुसरं काम बटचं. माझे हात लांब, बट आखूड, त्यामुळं पहिल्या प्रॅक्टिसला अंगठ्याचं हाड नाकावर आदळलं आणि खांदा चार दिवस निळा. लायसनवाल्या मिस्त्रीकडं तुम्ही सोबत बसून रबरी पॅड लावून घेतलं, एक इंच. कोपरात बट टेकवून बोट चापावर कसं पडतं ते तीनदा मोजलं. मला खरंच सांगायचंय लोकांना, महागडी बंदूक घेऊन जे सुख मिळत नाही ते या एका इंचानं मिळालं, नंतर रेंजवर कागदावर बार काढले तर छर्रे बघतोय तिथंच पडायला लागले.

लाकूड मीच केलं, तुमच्या देखरेखीखाली. जुनं वार्निश खरवडून, पॉलिश पेपर, मग जवसाचं उकळलेलं तेल हातानं चोळायचं, एकदम पातळ, दिवसाला एक हात, दहा दिवस. आमच्या घरात जवसाची चटणी रोज, पण जवसाच्या तेलानं लाकूड असं उजळतं माहीत नव्हतं. कच्चं तेल चिकट राहतं म्हणून उकळलेलंच, आणि त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवायच्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर विचारच करायला नको.

साफसफाईचं तर तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलंय. गावात सगळे खोबरेल तेल लावा म्हणतात, ते थंडीत थिजतं आणि लॉक चिकटतं. शिलाई मशीनचं तेल, आपल्याकडं युनिफॉर्म शिवणाऱ्यांमुळं गल्लोगल्ली मिळतं, दोन थेंब बास. चेंबरकडून तोंडाकडं गज घालायचा, उलटा नाही. पितळी तारेचा ब्रश, मग जुन्या सोलापुरी टॉवेलचे तुकडे, पांढरा निघेपर्यंत. आणि तेल लावल्यावर रात्रभर तोंड खाली करून ठेवायची, नायतर जास्तीचं तेल वाहून बटच्या डोक्यात मुरतं आणि लाकूड काळं पडून कुजतं. मी ती आईनं दिलेल्या चादरीत गुंडाळून ठेवायचो, किती प्रेमानं, तुम्ही बघितल्या बघितल्या काढायला लावली, सुती कापड ओल धरतं. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून पिना तुटू नयेत म्हणून तुम्ही उडालेल्या दोन काडतुसांच्या बुडात खोडरबर बसवून दिलंत, ती जोडी अजून वापरतो. त्यांना लाल रंग दिलाय तुम्ही सांगितल्यासारखा, खऱ्या काडतुसांत मिसळू नये म्हणून. खरी म्हणजे खडकीच्या फॅक्टरीची शक्तिमान काडतुसं, तीपण बॉक्सवरचं 70 वाचूनच घेतो.

2024 ला दोन निवडणुका झाल्या, मे मध्ये लोकसभा आणि नोव्हेंबरला विधानसभा, दोन्ही वेळा बंदूक जमा करायचं पत्र आलं. पहिल्या वेळी मी तशीच दिली आणि परत आली तेव्हा उजव्या नळीवर नखाएवढा गंज. मला रडू आलं होतं, खोटं नाही सांगत. तुम्ही रागावला नाहीत, तेल आणि बारीक स्टील वूल घेऊन दुपारभर बसला आणि डाग उतरवला. दुसऱ्या वेळी नळीला आतून-बाहेरून ग्रीस, सगळ्या बाजूनं फोटो, नंबरसकट पावती, तशीच गेली तशीच आली.

आणि ते लग्न. चुलतभावाच्या वरातीत चार पोरं मागं लागली, दादा एक बार काढ. नकार द्यायला मला जड जात होतं, नात्यातलं काम. तुमचं बोलणं आठवलं, वर गेलेला छर्रा खाली येतोच, आणि 2019 च्या दुरुस्तीनं असल्या फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद नायतर एक लाखापर्यंत दंड, नायतर दोन्ही. बंदूक कपाटातून काढलीच नाही. चुलते थोडे दिवस नाराज होते, आता बोलतात.

शिकारीचं विचारणाऱ्यांनापण मी तुमचंच उत्तर देतो. रानडुकरं उसात घुसतात, नुकसान खरं हाय, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय बार काढायचा नाही, आणि नन्नजच्या अभयारण्याकडं काळवीट ज्वारीत उतरतात त्यांच्याकडं तर नळी वळवायची पण नाही. मी स्वसंरक्षणाला घेतलीय, देवाच्या कृपेनं आजवर वस्तीवर एकदाही काढायची वेळ आली नाही. आई झोपते आता.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. बसचं तिकीटसुद्धा. मिस्त्रीनं तुम्हाला कमिशन देऊ केलं तेव्हा तुम्ही "पोराच्या बिलातून कमी कर" म्हणाला, ते मी ऐकलं होतं काका, तुम्हाला वाटलं मी बाहेर होतो.

मालदांडी ज्वारी यंदा बरी हाय, गड्ड्याची यात्रा झाली की हुरडा तयार होईल. तुम्ही, काकू आणि नातू, तिघं वस्तीवर यायचं, शेंगाची चटणी आईनं कुटून ठेवलीय. काडतूस बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टर जरा जड लागतोय, तो पण बघून घ्या त्या दिवशी. आणि एसटीनं येऊ नका, मी सकाळी आठला सोलापुरात सात रस्त्याला गाडी घेऊन उभा असतो.

तुमचाच,
मोहोळच्या वस्तीवरचा पोरगा