रिफ्लेक्टर गुडघ्याशी लटकव

एस्पो, १२ ऑक्टोबर

प्रिय मंग्या,

फिनलंडला येताना आणायच्या सामानाची तुझी यादी मिळाली. थर्मल, बूट, लोकरीचे मोजे, लोणच्याच्या बरण्या, सगळं आहे. रिफ्लेक्टर नाही, म्हणजे अंधारात गाडीच्या उजेडात चमकणारी ती अंगावर लावायची वस्तू. म्हणून हे पत्र जरा लांबणार.

तू येतोयस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नेमका वाईट वेळी. एकदा बर्फ बसला की जमीन पांढरी होते आणि माणूस तिच्यावर काळा का होईना, दिसतो तरी. नोव्हेंबरात बर्फ बहुधा टिकत नाही. डांबर ओलं, दिव्यांची चकाकी रस्त्यावर पसरलेली, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेलेली. तू जाणार त्या ओउलू शहरात तेव्हा चारच्या आतबाहेर सूर्य मावळतो. डिसेंबर अखेरीस तर दिवस जेमतेम साडेतीन तासांचा. तू ऑफिसला जाणार अंधारात आणि परतणार अंधारात. त्यात आपल्याकडून येणारा प्रत्येक जण जाड जॅकेट घेतो ते काळंच.

आता हिशेब बघ. लो बीमवर, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली ठेवून गाडी चालवणाऱ्याला काळ्या कपड्यातला माणूस साधारण ५० मीटरवर दिसतो. रिफ्लेक्टर असेल तर १५० मीटरवर. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धर, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला ३५ मीटर, झाले ५७. म्हणजे कोरड्या रस्त्यावरसुद्धा ५० मीटर पुरत नाहीत. निसरड्या बर्फावर हाच आकडा दीडशेच्या घरात जातो, तेव्हा रिफ्लेक्टर लावूनही रस्ता ओलांडताना गाडी थांबेल असं धरून चालू नकोस.

‘शहरात दिवे असतात की’ असं तू म्हणणारच. दिवे असतात, पण दोन खांबांच्या मधे काळे पट्टे असतात, पावसात समोरच्या गाड्यांचे झोत काचेवर फुटतात, आणि झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला झाडाखाली उभा असलेला माणूस त्या गोंधळात विरून जातो. शहरातही लावायचाच. इथला कायदाही पायी चालणाऱ्याने अंधारात रिफ्लेक्टर वापरावा असं सांगतो. दंड मात्र नाही. समुद्रापलीकडे एस्टोनियात दंडही होतो, टालिनची सहल काढलीस तर लक्षात ठेव.

इथे त्याला हेइयास्तिन म्हणतात. दुकानात तीन जाती दिसतील. पहिली, दोरीला लटकणारी कडक प्लास्टिकची चकती. दुसरी, हातापायाला गुंडाळायचा पट्टा. तिसरी, पट्टे शिवलेलं बिनबाह्यांचं जाकीट. पाकिटावर सीई खूण (युरोपातल्या सुरक्षा नियमांत बसतं याची खूण) आणि ईएन १७३५३ हा मानक क्रमांक बघ. जुन्या मालावर ईएन १३३५६ असेल. नव्या मानकात बी१ म्हणजे मोकळं लटकणारं, बी२ म्हणजे हातापायावरचं, बी३ म्हणजे अंगावरचं. जाहिरातीत फुकट वाटतात त्यांतले काही चांगले असतात, काही नुसते चमकदार खेळणे. क्रमांक नसेल तर मुलीच्या खेळण्यांत टाक. आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाक: तो झगझगीत पोपटी रंग दिवसासाठी. रात्री हेडलाइटपुढे त्याचा फारसा उपयोग नाही. काम करतो तो त्यावरचा रुपेरी पट्टा.

मला विचारशील तर कडक चकतीच घे. नवी चकती एक डोळा मिटून अगदी जवळून बघ. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक घरं दिसतील, आणि त्यांत तुझ्याच बुबुळाचा काळा ठिपका. मान कुठेही हलव, ठिपका तुझ्याकडेच बघतो. प्रत्येक घर म्हणजे तीन काटकोनी पृष्ठभागांचा कोपरा. उजेड जिकडून येईल तिकडेच परत फेकतो. म्हणून तो हेडलाइटच्या मागे बसलेल्यालाच लखलखीत दिसतो, आणि शेजारून चालणाऱ्या तुला मंद वाटतो. ‘हा तर चमकतच नाही’ म्हणून काढून ठेवू नकोस.

या कोपऱ्यांच्या मागे हवा लागते. दोन कवचं कडेने सांधून ती हवा आत कोंडलेली असते. सांधा उकलला की पाणी शिरतं आणि जिथे पाणी लागलं तिथे परतफेक बंद. चकतीत धुरकट डाग दिसला की ती गेली असं समज. दुसरा शत्रू म्हणजे ओरखडे. खिशात किल्ल्यांबरोबर चकती ठेवलीस तर एका मोसमात तिचा पार विचका होतो. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचा चिखल बसला तर कोमट पाणी आणि साधा साबण लाव. कोरड्या फडक्याने घासू नकोस.

लावायची जागा सगळ्यांत महत्त्वाची, आणि चुकतात सगळे तिथेच. बॅगेच्या वर किंवा खांद्यावर लावतात. लो बीम खाली पडतो, लांबून तो आधी तुझे गुडघे उजळतो. म्हणून चकती गुडघ्याच्या उंचीला हवी. जॅकेटच्या बाजूच्या खिशात, अस्तराला सेफ्टी पिन लाव (बाहेरच्या कापडाला टोचलंस तर तिथून पाणी शिरेल), दोरी खिशातून बाहेर सोड. तुझ्या उंचीला ४० सेंटिमीटरच्या आसपास दोरी पुरेल. दिवसा चकती खिशात जाते, अंधार पडला की बाहेर. चकती दोन्ही बाजूंनी चमकते, पण तुझ्या अंगाआड गेली की पलीकडच्या गाडीला दिसत नाही. म्हणून डावीकडे एक, उजवीकडे एक. चालताना ती फिरते आणि लुकलुकते, त्याने नजर लवकर जाते. याच्या जोडीला एका घोट्याला पट्टा बांध. पाय हलताना दिसला की तो खांब नव्हे, माणूस आहे हे चालकाला पटकन उमगतं.

फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या डाव्या कडेने चाल. इथे गाड्या उजवीकडून जातात, म्हणजे समोरून येणारी गाडी तुझ्याच बाजूला असेल, आणि लो बीम आपल्या उजव्या कडेला जास्त लांब पोचेल असाच बनवलेला असतो.

छोटीला पाळणाघरासाठी एकसंध जाड पोशाख लागेल, इथे त्याला हालारी म्हणतात. त्यावर पट्टे शिवलेले असतातच, पण धुण्याने त्यांचा दम जातो. सॉफ्टनर टाकू नका, उलटा करून धुवा. जुना मिळाला तर आधी परीक्षा घ्या: अंधाऱ्या खोलीत दहा पावलांवर जुना आणि नवा शेजारी ठेवायचा, फोनचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून त्यांच्यावर मारायचा. जुना अर्ध्यानेही उजळला नाही तर वरून एक चकती लावायची. ते पट्टे शिवलेलं जाकीट घालायचं तर सगळ्यांत वर. वहिनींनी लांब शाल त्यावर ओढली की संपलं.

तुला गंमत वाटेल, ही चकती मुळात माणसासाठी नव्हतीच. इथल्या पेर्तेली गावच्या आर्वी लेहतीने ती घोडागाड्यांसाठी बनवली, माणसांच्या खिशाला ती नंतर लागली. हिमफुलाच्या आकाराची जी सगळीकडे दिसेल ती कालेर्वो सुओमेलाची, १९७३ची. आपल्याकडे गळिताच्या हंगामात उसाच्या बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना मागे लाल रिफ्लेक्टर लावतात, तेच नातं. फक्त आपण गाडीपाशीच थांबलो, गाडीमागून चालणाऱ्याला काही लावलं नाही.

चकत्या इथे दोन-चार युरोंना मिळतात, सहा तुझ्यासाठी घेऊन ठेवतो: तिघांच्या दोन-दोन. पट्टे ओउलूत बघू. येताना मोठ्या सेफ्टी पिनांचे दोन पत्ते मात्र तिथूनच आण. चकतीबरोबर येते ती पिन फार नाजूक असते.

काका-काकूंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
दिग्या