सूचना: रविवारी कॉलेजच्या प्राध्यापकांसोबत बैठक

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता देवळाच्या सभामंडपात बैठक आहे. पेडणे तालुक्यातल्या कॉलेजचे तीन प्राध्यापक येणार आहेत. हरमल मिरची आणि खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली शेती) या विषयांवर गावाला सोबत घेऊन अभ्यासक्रम सुरू करायचा त्यांचा विचार आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्यक्ष कामालाही क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) मिळतात, एका क्रेडिटला साधारण ३० तास. म्हणजे मुलं सहलीसारखी एक दिवस येऊन जाणार नाहीत, हंगामभर येतील. मला हेच मोलाचं वाटतं. हरमल मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पिकलेल्या ढिगातून बियाण्याची मिरची हाताने निवडून वेगळी सुकवायची कशी, ते आपल्या आज्यांनाच विचारावं लागतं. मानशीचं, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं, हेही बांधावर उभं राहूनच नीट कळतं.

- शेतकरी आणि बचतगटाच्या बायांनी नक्की यावं.
- शिकवणाऱ्या गावकऱ्यांना मानधन हवं, हे आपण स्पष्ट मांडणार आहोत.
- मागे एकदा मुलं येऊन फॉर्म भरून गेली, पुढे काहीच कळलं नाही. म्हणून यंदा अट: अहवाल मराठीत किंवा कोकणीत गावासमोर वाचायचा. करारात तसं लिहून घेऊ.
- शेत दाखवायला तयार असाल तर शुक्रवारपर्यंत माझ्याकडे नाव द्या.

सचिव