रेशनच्या तांदळातला तो दाणा फेकू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या तासगाव तालुक्यात अजूनही कितीतरी घरात बायका रेशनचा तांदूळ सुपात घेऊन त्यातले जरा वेगळे दिसणारे दाणे निवडून कोंबड्यांपुढे टाकतात, कारण काय तर म्हणे प्लास्टिकचा तांदूळ, पाण्यात तरंगतो, आणि तसे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतच असतात. मी अंगणवाडीत काम करते आणि हे बघून जीव तुटतो म्हणून लिहितेय.

अहो ते प्लास्टिक नाही ओ. तांदळाचंच पीठ, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं घालून मशीनमधून परत दाणा पाडतात, आणि १०० किलो साध्या तांदळात असा साधारण १ किलो मिसळतात. हलका असतो म्हणून काही दाणे तरंगतात, एवढंच. म्हणजे निवडून नेमकं लोहच बाहेर जातं, आणि आपल्या राज्यात २०१९-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात ६ महिने ते ५ वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली, आधीच्या सर्वेक्षणात हेच ५४ टक्क्यांच्या आसपास होतं.

पण बायकांना दोष देऊन काय उपयोग? माहिती छापलेली असते पोत्यावर, घरात पोतं येतच नाही, पिशवीत मोजून तांदूळ येतो. मग त्यांना सांगणार कोण? माझं म्हणणं आहे की प्रत्येक रेशन दुकानात मराठीत मोठ्या अक्षरात बोर्ड लावा, आणि अंगणवाडीच्या पालक सभेत तो तांदूळ सगळ्यांसमोर शिजवून दाखवा, बायका स्वतःच्या डोळ्यांनी बघतील की दाणा कसा मऊ शिजतो, मग व्हिडिओवर कोण विश्वास ठेवतंय.

आणि नुसत्या तांदळावर भागणार नाही हेही खरंय. ५ वर्षांच्या आतल्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप, शाळेतल्या लहान मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी, आणि जंताची गोळी, हे सगळं फुकट मिळतं. सिरपनं शी काळी होते म्हणून आया घाबरून बंद करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. आणि आपल्याकडची ती सकाळची चहा-चपाती, लहान पोरांना चहा देणं तेवढं बंद करा, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा वरण-भातावर लिंबू पिळा, पेरू द्या.

फक्त ज्या मुलांना थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आजार आहेत त्यांच्या आईबापांनी तांदूळ असो की गोळी, आधी डॉक्टरांना विचारायचं, बोर्डावर हेही लिहिलं पाहिजे. आणि साहेब, तुमचा पेपर आमच्या गावात चावडीवर वाचला जातो, तर त्या दाण्याचा एक फोटो तुम्हीच छापा की.

एक अंगणवाडी सेविका, ता. तासगाव, जि. सांगली