टाकी आत्ता, मासे दसऱ्याला

नागपूर,
तान्हा पोळा

प्रिय बंड्या,

सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत उभा होतो. पुढून पिवळ्या मारबतीचा पुतळा येत होता, मागे बडग्यांचे, कानाशी ढोल, आणि तू ओरडून राहिला होतास की पोरीला मासे पाहिजेत, रविवारी नागपूरला येतो, टाकी अन् मासे घेऊनच चंद्रपूरला जातो. मी आपला 'हाव, हाव' म्हणत गेलो. घरी येऊन पाय धुतले तेव्हा वाटलं, याला थांबवलं पाहिजे. फोनवर तू ऐकत नाहीस, म्हणून लिहून राहिलो.

टाकी ने. मासे नको नेऊ.

मी काय करून बसलो होतो ते तुला कधी सांगितलं नाही. आमच्या चिऊच्या पाचव्या वाढदिवसाला मी अशीच एका फेरीत टाकी, रंगीत खडे आणि सहा गोल्डफिश आणले. दुकानदार म्हणाला, आजच सोडा साहेब, काही होत नाही. तिसऱ्या दिवशी सहाही मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मला वाटलं भूक लागली, म्हणून खाणं आणखी टाकलं. पाचव्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मग मी शहाणपणा केला. सगळं पाणी ओतून दिलं, खडे न् खडा घासला, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईस्तोवर पिळला आणि सरळ नळाचं पाणी भरलं. सकाळी तीन आडवे. उरलेले आठवड्याभरात गेले. चिऊने ते कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले आणि वरून चिमूटभर खाणं टाकलं.

नंतर कळलं की भूक वगैरे काही नव्हती. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. तलावात तो कुठच्या कुठे जातो, पन्नास लिटरच्या टाकीत जाणार कुठे? मासे त्यात गुदमरतात. हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषच, तिसरं थोडंफार चालतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजावर आणि खड्यांवर बसतात, आणि त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे मी ज्या दिवशी घासूनपुसून टाकी लख्ख केली, त्याच दिवशी जे काही जमत आलं होतं ते धुऊन टाकलं. वरून क्लोरीनचं पाणी.

दह्याला विरजण लागतं ना, तसंच समज. माझ्या फिल्टरचा जुना मळका स्पंज मी तुला देतो. टाकीतल्याच पाण्यात बुडवून ने, चंद्रपूरपर्यंत तीन तास आहेत, कोरडा पडू देऊ नकोस. वहिनींना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या तो साबण लावून धुतील.

रविवारी पाणी भरलंस तर दसऱ्यापर्यंत पाच आठवडे मिळतात. तोवर फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि रोज चिमूटभर खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं. हो, रिकाम्या. जिवाणूंना खायला नको का? हे काम पोरीला दे, तिला मजा वाटेल. मधे पाणी पांढुरकं होईल, तेव्हा माझ्यासारखा शहाणपणा करू नकोस, आपोआप निवळतं. पाणी तपासायचं टेस्ट किट घे. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले की समज, मासे आणायला हरकत नाही.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घे. काचेचा गोल वाडगा घेऊ नकोस, कितीही गोड दिसो. लहान पाण्यात चूक सुधारायला वेळच मिळत नाही. काठोकाठ भरली तर या टाकीत छप्पन लिटर मावतं. काच आणि खडे धरून सत्तर किलोच्या वर वजन जातं, तेव्हा शोकेसवर ठेवायचा विचार सोड. पक्क्या सपाट टेबलावर, खाली थर्माकोल, आणि खिडकीच्या उन्हापासून लांब, नाहीतर काचा हिरव्या होतात. ईशान्य कोपऱ्याचं काय ते तू आणि काकू ठरवा.

पाण्याचं सांगतो. आमचं पेंच धरणाचं नळाचं पाणी क्लोरीनचं, ते बादलीत चोवीस तास उघडं ठेवावं लागतं किंवा अँटीक्लोरीनचे थेंब घालावे लागतात. तुमच्याकडे बोअर आहे, क्लोरीनची भानगड नाही, पण पाणी जड. बादलीला पांढरा थर धरतो ना, तेच. आरओचं पाणी घालायला जाऊ नकोस, त्यात क्षार उरत नाहीत. त्यापेक्षा ज्यांना जड पाणी मानवतं तेच मासे घे, म्हणजे गप्पी आणि मोली. डासांच्या अळ्या खायला हिवतापवाले टाक्यांत सोडतात ते हेच गप्पी, फक्त दुकानातले रंगीत. सहा घे, आणि सगळे नर घे. मादी एकदा भरली की नर नसला तरी महिन्या-महिन्याला पिल्लं देत राहते, मग तू मला फोन करून विचारशील की आता यांचं काय करू. 'काच साफ करतो' म्हणून सकर मासा गळ्यात मारतील, तो फुटाच्या वर वाढतो. गोल्डफिशचं तर नावच काढू नकोस. आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू दे, मग थोडं थोडं पाणी मिसळून सोड.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. काकूंना तलावावर कणकेच्या गोळ्या टाकायची सवय आहे, त्यांना मात्र तूच समजाव, माझी हिंमत नाही.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी नळीने ओढून काढायचं आणि तेवढंच नवीन भरायचं. स्पंज मळला तर त्या काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा. ते पाणी मोरीत ओतू नकोस, झाडांना घाल. आमचा कढीपत्ता त्याच्यावर असा माजलाय की शेजारी मागायला येतात.

आपल्याकडची खरी परीक्षा मे महिन्यात. मागच्या उन्हाळ्यात बाहेर ४५ होतं तेव्हा टाकीतला थर्मामीटर ३३ वर गेला. पाणी तापलं की त्यात हवा कमी विरघळते, आणि त्यात रात्री लाइट गेली की फिल्टरही बंद. मी झाकण काढून जाळी बसवली, पाण्यावर छोटा पंखा लावला, दोन-तीन अंश उतरले. पाणी भराभर उडतं, ते भरत राहायचं. बर्फाची बाटली एकदम मोठी सोडू नकोस, हळूहळू उतरवायचं. आणि टाकीच्या खोलीत डासांचं लिक्विड किंवा अगरबत्ती लावू नकोस. एअर पंप ती हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो, आणि ते औषध माशांना फार वाईट. मच्छरदाणी लाव.

तर रविवारी सकाळी ये. आधी तर्री पोहे खाऊ, मग टाकी बघायला जाऊ. स्पंजासाठी घट्ट झाकणाचा डबा आण. घरी सापडला नाही तर आमचा जो गेल्या दिवाळीपासून तुझ्याकडे आहे, तोच आण.

तुझा,
पक्या