काका, आमच्या बाबांना हाइड रोड स्टेडियमच्या गोष्टी सांगितल्याबद्दल मनापासून आभार

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे सोड रे, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी लिहूनच टाकतोय. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण मँचेस्टरमध्ये बसून पन्नास वर्षांपूर्वीच्या स्पीडवेच्या, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या गोष्टी मराठीत रंगवून सांगणारा माणूस आहे हे आपल्या लोकांना कळायला पाहिजे असं मला फार वाटतं.

आई गेल्यानंतर बाबांना मी इकडे आणलं तेव्हा ते जवळजवळ बोलायचेच बंद झाले होते. चाळीसेक वर्षं कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज चालवलेला माणूस, सकाळपासून खिडकीत बसून राहायचा, मी ऑफिसला, बायको ऑफिसला, पोरं शाळेत, आणि बाहेर हा पाऊस. मंडळाच्या गणपतीत तुमची त्यांची ओळख झाली, तुम्ही विचारलंत काय करायचा, ते म्हणाले गाड्या दुरुस्त करायचो, आणि तुम्ही तिथेच आरतीचं ताट हातात धरून सांगायला सुरुवात केलीत की या गावात एक खेळ आहे ज्यातल्या मोटरसायकलला ब्रेकच नसतो. बाबा कितीतरी दिवसांनी कुणाकडे तरी नीट बघून बोलले, "ब्रेक न्हाई? मग थांबत्यात कशी?"

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा खेळ माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. अंडाकृती मातीचा ट्रॅक, एका हीटला, म्हणजे एका शर्यतीला, चार रायडर, चार फेऱ्या, साधारण एका मिनिटात खेळ खलास. गाडी ५०० सीसी, एकच गिअर, इंधन मिथेनॉल, ब्रेक खरंच नाही. सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेने पळतात, वळणावर मागचं चाक बाहेर फेकून गाडी आडवी करतात, पुढचं चाक उजवीकडे आणि गाडी मात्र डावीकडे चाललेली, डाव्या बुटाला पोलादी तळवा लावलेला असतो तो जमिनीवर घासत जातो. पहिल्याला ३ पॉईंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला काही नाही. टीममध्ये सात जण. एवढं कळलं की झालं, बाकीचं बघता बघता कळतं.

तुम्ही बाबांना पहिल्यांदा घेऊन गेलात तेव्हा मीही होतो. स्टेडियमच्या गेटच्या आतच बाबा थांबले, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले "एरंडेल जळतंय." तुम्ही असे हसलात! कारण बरोबर होतं ते, या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं ऑइल वापरायची जुनी पद्धत आहे आणि तो वास एकदा डोक्यात बसला की जात नाही. मग तुम्ही त्यांना मुद्दाम वळणाच्या कठड्यापाशी उभं केलंत, पहिल्याच हीटला मातीचा मारा तोंडावर आला, चष्मा भरला, आणि बाबा रुमालाने चष्मा पुसत पुसत विचारतायत, क्लच कधी सोडतो रे हा, स्टार्टची फीत वर जायच्या आधी का नंतर. मी तिथे उभा राहून नुसता त्यांच्याकडे बघत होतो.

पण खरी जादू केली ती तुमच्या आठवणींनी. तुम्ही १९६९ मध्ये ट्रॅफर्ड पार्कच्या कारखान्यात कामाला लागलात, हातात पैसे नाहीत, ओळख नाही, आणि शनिवारी संध्याकाळी शिफ्टमधले लोक तुम्हाला ओढून हाइड रोडच्या स्टेडियमला इथल्या बेल व्ह्यू एसेस टीमची मॅच बघायला घेऊन गेले. त्याच सीझनला न्यूझीलंडचा आयव्हन मेजर न्यूकॅसल सोडून बेल व्ह्यूला आलेला. १९६८, ६९, ७० असा लागोपाठ तीन वर्षं वर्ल्ड चॅम्पियन, आधी कुणालाच जमलं नव्हतं ते, आणि पुढे एकूण सहा वेळा. तो असताना बेल व्ह्यूने १९७०, ७१, ७२ असे तीन वर्षं ओळीने लीग मारली. तुम्ही मेजरबद्दल सांगताना त्याच्या स्पीडपेक्षा त्याच्या तयारीबद्दल जास्त सांगता, गाडी कशी चकाचक, प्रत्येक नट जागच्या जागी, स्टार्टला उभं राहायच्या आधी चाकाखालची माती कशी निरखायचा. बाबांना तेच तर ऐकायचं होतं. आणि मग तुम्ही सहज बोलून गेलात की तेव्हा त्याची गाडी जावा होती.

काका, तुम्हाला कल्पना नाही त्या एका शब्दाने काय झालं. म्हैसूरच्या जावा आणि नंतर येझदी, यांच्यावर तर बाबांचं गॅरेज चाललं! आमचं घर त्यावर उभं राहिलं, माझी इंजिनिअरिंगची फी त्यातून गेली. रस्त्यावरची आपली जावा टू-स्ट्रोक आणि ट्रॅकवरची फोर-स्ट्रोक, दोन्हींचं इंजिन पूर्ण वेगळं, हे तुम्ही लगेच सांगितलंत, पण मूळ कंपनी तीच, चेकोस्लोव्हाकियाची. घरी येईपर्यंत बाबा गाडीत अखंड बोलत होते, कार्ब्युरेटर, पॉईंट सेटिंग, कुठल्या कुठल्या पाटलांची येझदी, सगळं. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आणलं.

नंतर तर तुमच्या दोघांचं ठरूनच गेलं. पीटर कॉलिन्सची गोष्ट बाबांना एवढी पाठ झालीये की आता माझ्या पोरांना तेच सांगतात. चेशायरचा पोरगा, पाच भाऊ, पाचही स्पीडवे रायडर. १९७६ ला पोलंडच्या खोझूफमध्ये वेस्लेक इंजिनावर वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि पुढच्या वर्षी फायनलच्या थोडं आधी हाइड रोडवरच ड्रेनच्या झाकणाला आपटून पाय जायबंदी, तरी गोथेनबर्गच्या पावसात उतरला आणि दुसरा आला, पहिला कोण तर मेजरच! ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज अजून चढतो. माझ्या मते ते दुसरं येणं आदल्या वर्षीच्या विजयापेक्षा मोठं आहे, तुम्हाला पटत नाही, बाबांना पटतं.

आणि पीटर क्रेव्हन, बेल व्ह्यूचाच त्याआधीचा रायडर. त्याला तर तुम्ही स्वतः पाहिलेलंही नाही, तुमच्या फोरमनने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही आम्हाला. अंगाने एवढासा, बॅलन्स असा की लोक त्याला जादूगार म्हणायचे, १९५५ आणि १९६२ ला वेम्बलीत वर्ल्ड चॅम्पियन, आणि १९६३ च्या सप्टेंबरमध्ये एडिनबरोच्या ट्रॅकवर पुढे पडलेल्या रायडरला वाचवायला गाडी वळवली आणि स्वतः कठड्यावर गेला. चार दिवसांनी वारला, वय २९. हे सांगून तुम्ही गप्प झालात, तेव्हा बाबांनी पहिल्यांदा आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल तोंड उघडलं. माझ्याशी कधी बोलले नव्हते ते, तुमच्याशी बोलले. मी किचनमध्ये चहा करत होतो, बाहेर आलोच नाही, चहा पार उकळून गेला तरी. यासाठी तुमचे आभार कसे मानायचे हे मला खरंच कळत नाही.

ॲलन विल्किन्सनबद्दलही तुम्ही काही लपवलं नाहीत. १९७८ चा हाइड रोडवरचा अपघात, तो चांगला हसताखेळता रायडर कायमचा व्हीलचेअरवर. काही लोक जुन्या आठवणी सांगताना फक्त कप आणि ट्रॉफ्या सांगतात, तुम्ही तसं करत नाही, म्हणून तुमचं ऐकावंसं वाटतं.

हाइड रोड १९८७ ला गेलं, विकलं, पाडलं. तुम्ही आम्हाला ती जागा दाखवायला नेलंत, आता तिथे गाड्यांचे लिलाव होतात. मला वाटलं तुम्हाला त्रास होईल, तर तुम्ही फुटपाथवर उभं राहून हाताने दाखवत होतात, इथे स्टँड, इथे पिट्स, इथून फीत वर जायची, आणि बाबा मान डोलवत होते जणू त्यांना दिसतंय सगळं. २०१६ ला गॉर्टनमध्ये नवीन नॅशनल स्पीडवे स्टेडियम झालं आणि २०२२ ला एसेसनी परत लीग जिंकली, १९९३ नंतर पहिल्यांदा, ते बाबांच्या नशिबात होतं बघायचं. ब्रेडी कुर्त्झ आणि डॅन ब्यूली हे रायडर आता घरातले असल्यासारखे बोलतात त्यांच्याबद्दल.

मॅचचा प्रोग्रॅम, म्हणजे स्कोअर लिहायची छापील पुस्तिका, भरायचं तुम्हीच शिकवलंत त्यांना. प्रत्येक हीट झाली की पेनने रकान्यात आकडे, खाली बेरीज, आणि बाबा रायडरची नावं मराठीत लिहून घेतात आधी. तुमचे सत्तरच्या दशकातले प्रोग्रॅम तुम्ही त्यांच्या हातात दिलेत तेव्हा ते हात धुऊन आले होते, आठवतंय? तुमचं त्या वेळचं अक्षर बघून म्हणाले, साहेब, तुमचा ३ तेव्हाही असाच होता.

बाबा आता कोल्हापूरला आहेत, तब्येत बरी आहे, गॅरेजमध्ये जाऊन पोरांना सल्ले देत बसतात. एसेसचा स्कोअर तुम्ही न चुकता त्यांना पाठवता, व्हॉइस मेसेज करून कुठला रायडर कसा सुटला तेही सांगता, हे मला त्यांच्याकडूनच कळलं, तुम्ही बोलला नाहीत. एप्रिलचं तिकीट काढलंय त्यांचं. येताना तुमच्यासाठी कांदा लसूण मसाला आणि गूळ आणणारच आहेत, आणखी काही पाहिजे असेल तर काकूंना मला मेसेज करायला सांगा.

तुमचा,
ज्याच्या बाबांना तुम्ही परत बोलतं केलंत तो