बंद दारांचा आकडाही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेरोजगारीचा दर आता महिन्याच्या महिन्याला जाहीर होतो आणि आपल्या अर्थपानावर त्याची बातमी येते. दर दशांशाने हलला तरी ‘घट’ किंवा ‘वाढ’ असा मथळा लागतो. हा आकडा ज्या दारांवर गोळा होतो, तिथे मी नोकरीची बरीच वर्षं शेड्यूल, म्हणजे प्रश्नावली, हातात घेऊन उभी राहिले आहे. मुंबई-ठाण्यात सर्वेक्षक म्हणून काम करून निवृत्त झाले, म्हणून हे लिहिते आहे.

सर्वेक्षण अखंड चालावं, हे मला मनापासून पटतं. देशाचं उत्पन्न मोजायला १९४९ साली समिती नेमली गेली. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस तिचे अध्यक्ष होते आणि आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सदस्य. घराघरांतल्या खर्चाची, कामाची भरवशाची माहितीच हाताशी नव्हती. ती उणीव भरून काढायला १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. पुढे रोजगाराची मोठी पाहणी पाच-पाच वर्षांनी व्हायची. २०१७ पासून ती दरवर्षी होऊ लागली, आणि शहरांत निवडलेल्या कुटुंबाकडे दर तिमाहीला एकदा असं चार वेळा जायचं ठरलं. जानेवारी २०२५ पासून गाव असो वा शहर, लागोपाठ चार महिने त्याच दारी जायचं असतं. ब्राझीलमध्ये २०१२ पासून एकेका कुटुंबाकडे पाच तिमाहींत पाच वेळा जातात.

मुंबईला याची गरज फार आहे. आपलं शहर बारा महिने सारखं नसतं. जूनमध्ये बांधकामं मंदावतात आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन दिवस मिळाले तरी नशीब. गणपतीत आणि शिमग्याला लालबाग-परळपासून नालासोपाऱ्यापर्यंत कोकणातल्या माणसांच्या घरांना कुलपं लागतात, छठला उत्तर भारतीयांच्या खोल्या रिकाम्या होतात. एकाच मोसमात मोजणी केली तर यातलं काहीतरी हातून निसटणारच.

पण कुणाकडे किती वेळा जायचं हे कागदावर ठरलं, तरी गेल्यावर तिथे काय होतं हा प्रश्न उरतोच.

मालाडच्या एका चाळवजा वस्तीत मी बाईंना विचारलं, “गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?” त्या म्हणाल्या, “नाही हो ताई, घरीच असते मी.” हे बोलताना त्यांच्या मांडीवर सूप होतं, सुपात मोत्यांसारखे मणी, आणि हात थांबले नव्हते. इमिटेशन ज्वेलरीच्या माळा ओवायचं काम, डझनावर पैसे. व्याख्येप्रमाणे आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं तरी त्या रोजगारात धरल्या जातात. पण त्यांच्या लेखी ते काम नव्हतंच. समोर सासूबाई बसल्या होत्या आणि सुनेच्या वतीने त्याच उत्तरं देत होत्या. अशा घरात पहिल्या भेटीत सगळं बाहेर येत नाही. दुसऱ्यांदा गेलं, तोंडओळख झाली, बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, की मग कळतं की मुलगीसुद्धा शाळेतून आल्यावर माळा ओवते. त्यासाठी पुन्हा जाणारी व्यक्ती तीच असायला हवी. आज दारोदारचं काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटी मुलामुलींवर चालतं. मुलं हुशार आहेत, टॅबलेट झपाझप चालवतात. पण दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले की सोडून जातात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? चार भेटींना चार वेगळे चेहरे आले, तर चौथ्या वेळी “सगळं आधी सांगितलंय, तेच लिहा” एवढंच उत्तर मिळतं. कंत्राट निदान दोन वर्षांचं असावं आणि संध्याकाळच्या, रविवारच्या फेरीचे पैसे वेगळे मिळावेत. मुंबईत कमावती माणसं दिवसा घरी सापडत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

गरीब वस्तीत दार तरी उघडतं. टॉवरमध्ये मी गेटच्या आत जाऊ शकत नसे. वॉचमन फोनवर विचारणार, वरून ‘नको’ येणार, किंवा ‘सेक्रेटरींची परवानगी आणा’. सेक्रेटरी दुबईत! २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत शहरी कुटुंबांचे गट मोटारगाडीवरून पाडले होते, म्हणजे सधन घरं नमुन्यात नेमकी यावीत याची तजवीज केलेली होती. त्या पाहणीत देशभरातली २,६१,७४६ कुटुंबं होती. पण मूळ घर मिळालं नाही तर त्याच गटातलं बदली घर घेतात, आणि तेही नाही मिळालं तर आमच्या भाषेत ती ‘कॅज्युअल्टी’. बदली म्हणून दार उघडतं ते बहुधा निवृत्त जोडप्याचं. ज्यांचा खर्च सर्वांत जास्त, ती माणसं अशी गळत जातात. मग श्रीमंत-गरिबांतली दरी आहे त्यापेक्षा लहान दिसते, आणि नमुना कितीही वाढवला तरी ही चूक दुरुस्त होत नाही.

दुसरी अडचण यादीची. शहराचे छोटे भाग, म्हणजे ब्लॉक, पाडून त्यांतून घरं निवडतात; या ब्लॉकची फेरआखणी पाच वर्षांनी होते. एवढ्या काळात आपल्याकडे अख्खी चाळ पडून माणसं संक्रमण शिबिरात जातात आणि जागेवर चाळीस मजले उभे राहतात. शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ ची. निदान मुंबई महानगरात तरी ब्लॉक दरवर्षी तपासावेत.

माझी मुख्य मागणी साधी आहे. दर महिन्याच्या आकड्याशेजारीच किती मूळ घरं मिळाली, किती बदली घ्यावी लागली, किती सुटली, हे मोठ्या शहरांपुरतं वेगळं आणि ठळक छापावं. महालनोबिसांनी एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवून त्यांचे आकडे ताडून पाहायची पद्धत घालून दिली होती. आपलं काम तपासू द्यायची ती तयारी आजही हवी. आपल्या वार्ताहरांनीही हा प्रश्न दर महिन्याला विचारावा, ही विनंती.

आणि एक विनंती गृहनिर्माण सोसायट्यांना. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. त्यात एक ठराव करा: सरकारी ओळखपत्र असलेल्या सर्वेक्षकाला वॉचमनने नोंद करून आत सोडावं, आणि ओळखपत्राची खात्री कार्यालयात फोन करून कुणी करायची तेही ठरवावं. दिलेली माहिती आयकर खात्याकडे जाईल ही भीती मी अनेक दारांवर ऐकली आहे. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याप्रमाणे ती आकडेवारीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. हे वाक्य मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत लिहून लिफ्टशेजारच्या फलकावर लावा.

आपली,
एक निवृत्त सर्वेक्षक,
मुलुंड (पूर्व), मुंबई