गळाठलेलं पिल्लू म्हणजे शांत पिल्लू नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एक छायाचित्र आलं होतं. रोवणी चाललेल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चार पोट्टे उभे, एकाच्या मुठीत अजगराच्या पिल्लाची मान आवळलेली, बाकीचं पिल्लू खाली लोंबतंय. वर मथळा: ‘चवताळलेले पिल्लू अखेर शांत’. खाली मजकूर असा, की पिल्लू सारखं अंगावर धावून येत होतं, तरुणांनी काठीने डिवचून त्याला दमवलं आणि मग ते निमूटपणे हाती लागलं.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो, आता साकोली तालुक्यात माझी थोडी धानाची शेती बघतो. ते छायाचित्र मी भिंग लावून पाहिलं. ते पिल्लू शांत नव्हतं, गळाठलं होतं. लसीकरणाला खोड्यात घातलेली गाय धडपडून धडपडून एकदम थांबते, तेव्हा मालक खूश होऊन म्हणतो, आली वठणीवर. त्याच वेळी तिचा श्वास मोजावा, डोळ्यातलं पांढरं बघावं. सापाला ना हंबरता येतं, ना त्याचे डोळे विस्फारतात, म्हणून त्याच्या बाबतीत ही फसगत जास्तच होते.

रोवणीच्या दिवसांत अशी पिल्लं दिसायचीच. आपल्याकडची अजगराची मादी उन्हाळ्यात अंडी घालते, त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते आणि अंग थरथरवून त्यांना ऊब देते. पिल्लं बाहेर पडली की मात्र तिचं काम संपलं. जेमतेम दीड-दोन फुटांची ही पोरकी पिल्लं पावसाळ्याच्या तोंडाशी धुऱ्यांवर, तणसाच्या ढिगाजवळ, कधी कोंबड्यांच्या खुराड्यात निघतात, तेव्हा मुंगूस, घोरपड, शिकारी पाखरं, गावातली कुत्री, सगळेच त्यांच्यावर टपलेले असतात. विष नाही, पळायचा वेग नाही. मान वाकडी आखडून घ्यायची, फुस्स करायचं आणि तोंड मारायचं, एवढंच त्यांना जमतं. ‘अंगावर धावून आलं’ म्हणतात ते काय, तर वीतभर झेप. दोन पावलं मागे सरलं की त्याचंही भांडण संपतं.

आता तुम्ही म्हणाल, मामाला अजगरांची एवढी माहिती कुठून? तर माझ्या भाच्यामुळे. तो नागपुरात शिकतो आणि त्याच्याकडे पाळलेला बॉल पायथन आहे. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर, पुरा वाढला तरी चार-पाच फुटांच्या आसपास, आणि नीट ठेवला तर वीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे भाच्याच्या लग्नात, मग त्याच्या पोरांच्या बारशाला हे जनावर घरात असणार, हे मी त्याला सांगून ठेवलं आहे. त्याने घेताना कागद घेतले आणि सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद केली. त्याचं कारण पुढे येईल.

मे महिन्यात तो पोट्टा काचेची पेटी मांडीवर घेऊन आमच्या गावी आला. उतरल्या उतरल्या तक्रार सुरू. “मामाजी, हा तं मोठा कडू निघाला. हात टाकला का फसकन येते. अंगठ्याले चावला ना!”

मी अंगठा बघितला नाही, आधी पेटीच्या बुडाला हात लावला. चटका बसत होता. पेटीखाली विजेची गरम पट्टी लावलेली. कोणत्यातरी व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे, की अजगराला खालून ऊब हवीच. सांगणारा बर्फाच्या मुलखातला असावा. आमच्याकडे मे महिन्यात दारातल्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही, पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि इथे पिल्लाला वरून ऊन, खालून तवा. या जातीला पेटीच्या एका टोकाला एकतीस-बत्तीस अंश आणि दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस अंश हवेत, म्हणजे हवं तिकडे सरकता येतं. तापलेलं जनावर चिडणारच. पट्टी काढली आणि दोन टोकांना दोन थर्मामीटर चिकटवले. डिसेंबरात ती पट्टी लागेल, पण तेव्हाही तापमान धरून ठेवणारं यंत्र जोडूनच.

पेटी ठेवली होती पुढच्या खोलीत. चारही बाजूंनी काच, गावातली लेकरं काचेवर टिचक्या मारताहेत, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याची पिठाची चक्की. सापाला बाहेरून कान नसतात, पण जमिनीची थरथर त्याच्या अंगाला लागते. चक्की सुरू झाली की पिल्लू मान आखडून घ्यायचं, हे मी दोन-तीनदा पाहिलं आणि भाच्यालाही दाखवलं. मग पेटी मागच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवली, जिथे आम्ही बियाणं ठेवतो. तिथे भर दुपारीही गारवा असतो. तीन बाजूंना जुन्या लुगड्याचा पडदा केला.

लपायला जागा म्हणून भाच्याने एक प्लास्टिकचं झाड ठेवलं होतं. शोभा म्हणून ठीक. अजगराला अशी खोप लागते, जिच्यात त्याचं अंग चारी बाजूंनी टेकेल. फुटक्या मडक्याचे दोन तुकडे घेतले, दगडावर घासून कडा बोथट केल्या, एक उबदार टोकाला पालथा घातला, दुसरा गार टोकाला. दोन याच्यासाठी, की ऊब हवी असेल तर लपणं सोडावं लागू नये आणि लपायचं असेल तर गारठावं लागू नये. एकच ठेवली तर भित्रं पिल्लू लपूनच राहतं, मग उबेविना अन्न नीट पचत नाही.

आणि मग सगळ्यात अवघड काम: काहीच करायचं नाही. नव्या जागी आलेल्या पिल्लाला आठवडा-दहा दिवस हात लावू नये, फक्त पाणी बदलावं आणि निघून यावं. भाच्याला हे जमेना. तो तासातासाला पडदा वर करून बघायचा. मी त्याला रोवणीआधीच्या कामाला, काटे वेचायला शेतावर धाडलं.

जेवणाची कथा वेगळीच. गोठवलेले उंदीर त्याने नागपुरातून बर्फाच्या डब्यात आणले होते. आमच्या घरधनिणीने फ्रिजसमोर उभं राहून सांगितलं, “हे उंदरं माह्या फ्रिजात ठेवाचे नाही.” शेवटी झाकण बांधलेला स्टीलचा डबा, डबा पिशवीत, पिशवी अगदी खालच्या कोपऱ्यात आणि वर तिची अट, की भाचा गेला की डबाही जाणार. उंदीर कोमट पाण्यात वितळवून, कोरडा करून लांब चिमट्याने द्यायचा, हाताने कधीच नाही. अजगराच्या ओठांवर खाचा असतात, त्यांतून त्याला समोरच्याची ऊब कळते. हाताला उंदराचा वास आणि हात गरम, तर त्या बिचाऱ्याने तुम्हाला काय समजावं? अंगठ्याचा चावा याच भानगडीतला होता. भाच्याने उंदीर धरला, तोच हात पेटीत घातला. चावा दोन जातींचा असतो. घाबरलेलं पिल्लू तोंड मारून लगेच मागे जातं. भुकेने धरलेलं सोडत नाही, उलट वेटोळं घालतं. भाच्याच्या अंगठ्याला वेटोळं बसलं होतं. म्हणजे तो कडूपणा नव्हताच, जेवण होतं.

पिल्लू जेवायला लागल्यावर हात लावायची सुरुवात केली, तीही जेवल्यानंतरचे दोन दिवस सोडून, कारण भरल्या पोटी हाताळलं तर ते खाल्लेलं ओकतं. हात साबणाने धुवायचे. आधी कागदाची सुरळी करून तिने पाठीला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे त्याला कळतं, की जेवण आलेलं नाही. हात वरून कधीच आणायचा नाही. वरून येते ती घार. बाजूने, खालच्या अंगाने, शरीराच्या मधोमध हात सरकवायचा, दुसऱ्या हाताने शेपटाकडचा भाग तोलायचा आणि मान मोकळी ठेवायची. मान धरणं हेच तर त्याच्यासाठी मरण. जमिनीवर मांडी घालून बसायचं, म्हणजे सुटलं तरी उंचावरून पडत नाही. पाच-दहा मिनिटं, मग परत पेटीत. मान आखडली, तर हात झटकायचा नाही आणि पुढेही रेटायचा नाही, आहे तिथेच थांबायचं. डोळे दुधाळ निळसर झाले असतील, तर कात टाकेपर्यंत जवळही जायचं नाही. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही.

पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा त्याने डोकं मधोमध खुपसून अंगाचा पक्का चेंडू केला. भाचा आनंदला, “झाला ना शांत!” मी म्हटलं, बापू, हा तुझ्या हातातच लपून बसलाय. पुढे जून लागेस्तोवर तो चेंडू आपोआप उलगडायला लागला, जीभ सावकाश आत-बाहेर, मान सैल, मनगटावरून कोपरापर्यंत ऐटीत प्रवास. मी तरी यालाच शांत म्हणतो. अधूनमधून फुस्स करतो अजूनही. करू दे, त्याचा हक्क आहे.

चावलाच तर? या पिल्लाचे दात सुईसारखे बारीक आणि मागे वळलेले असतात. हात ओढला, तर आपलीच कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. हात स्थिर ठेवून तोंडावर गार पाणी सोडलं की ते सोडतं. जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. ‘दात काढून टाका’, ‘ओला हातमोजा घालून चावू द्या, दमेल’ असले सल्ले मोबाइलवर फिरतात. गारुडी सापांची तोंडं शिवायचे, त्यातलेच हे.

आता कागदाचं कारण, कारण हे पत्र वाचून कोणी धुऱ्यावरचं पिल्लू उचलून मडक्याच्या खापराखाली ठेवील, ही मला खरी भीती आहे. भाच्याचा अजगर परदेशी जातीचा. तसल्या प्राण्यांसाठी २०२२ च्या कायदादुरुस्तीत वेगळी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद करावी लागते. आपला भारतीय अजगर मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत बसतो. तो धरणं, पाळणं, मारणं, सगळा गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. आपण छापलेल्या छायाचित्रातल्या चार पोट्ट्यांना हे कोणी सांगितलं नसेल. त्यांच्या नावांसकट तुम्ही ते छापलं, म्हणजे गुन्ह्याचा पुरावाच शाबासकी म्हणून दिला.

दुसरी भीती याहून मोठी. धुऱ्यावर गुंडाळून बसलेला जाडसर, ठिपक्यांचा साप घोणसही असतो. अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलणारा दवाखान्यात पोचेलच असं नाही. घोणसच्या पाठीवर साखळीसारखे सुबक गोल ठिपक्यांचे तीन पट्टे असतात, खवले खरखरीत आणि फुत्कार सलग, लांबलचक. अजगराचे चट्टे वेडेवाकडे, अंग गुळगुळीत, डोक्यावर बाणासारखी खूण. पण चिखलाने माखलेल्या सापावर हे शोधत बसण्याची कोणाला गरज नाही. दोघांच्याही बाबतीत करायचं एकच: लांब उभं राहायचं, कुत्री बांधायची, एकाने नजर ठेवायची आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावायचा. बहुतेकदा माणसं येईपर्यंत पिल्लू आपल्या वाटेने निघून गेलेलं असतं. तेही चांगलंच झालं.

तेव्हा विनंती एवढीच. यापुढे असं छायाचित्र आलं, तर पिल्लू हातात धरलेलं छापू नये. बातमीखाली १९२६ हा क्रमांक ठळक द्यावा. आणि जागा उरली, तर खुराड्याला बारीक जाळी कशी ठोकायची याची चौकट टाकावी. ज्याची कोंबडी गेली, तोच सगळ्यात आधी काठी उचलतो. चौकटीचा मजकूर हवा असल्यास मी लिहून पाठवतो.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. साकोली, जि. भंडारा